डोक्यावरचं छप्पर आणि छपराखालची बाई

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका ग्रामसंघाच्या कोषाध्यक्ष ताईंनी केलेलं भाषण. बऱ्याच गटांनी मागणी केली म्हणून जसं बोलल्या तसं छापत आहोत.)



मला सांगितलं होतं, दहा मिनिटं बोला, बचतीवर बोला. बचतीवर इथं बोलणाऱ्या माझ्यापेक्षा हुशार बाया बसल्या आहेत. मी आज घरावर बोलणार आहे. घर म्हणजे नवरा-सासू-पोरं नाही, ते तर रोजचंच आहे. मी बोलणार आहे भिंती, छप्पर, खिडकी यांच्यावर. फेब्रुवारी सरत आला. पुढचे तीन-साडेतीन महिने आपल्याला त्याच छपराखाली काढायचे आहेत.

आधी माझ्याच घरचं सांगते. माझं गाव घाटाखाली, पूर्णेच्या काळ्या मातीतलं. लग्न होऊन आले तेव्हा सासरचं घर धाब्याचं होतं. दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडाचे सरे, त्यावर काड्या, पाला आणि त्यावर मातीचा जाड थर. मला ते घर आवडत नव्हतं, खरं सांगते. अंधार, वरून माती पडायची, भाकरीच्या टोपल्यावर फडकं टाकून ठेवावं लागायचं. दरवर्षी पावसाच्या आधी धाब्यावर खारी माती टाकायची, तरी एखादा कोपरा गळायचाच. एका पावसाळ्यात झडी लागली आणि मागची भिंत बसली. नशीब, आम्ही समोरच्या सपरीत होतो.

मग घरकुल मंजूर झालं. घरकुल माझ्या नावावर झालं, त्याचा आनंद किती, ते तुम्हाला सांगायला नको. पण अनुदान हप्त्याहप्त्यानं येतं आणि लोखंड-सिमेंटचे भाव काही थांबत नाहीत. भिंती उभ्या राहिल्या आणि पैसे संपले. मिस्त्री म्हणाला, "ताई, आता टिनं टाका, स्लॅब मागून पाहू." टिनं टाकली. एक दार, समोर एक खिडकी. मागं भिंत कोरी, कारण मागं शेजाऱ्याची गल्ली. आम्ही पूजा केली, गावजेवण दिलं.

पहिला एप्रिल आला आणि सासूबाई म्हणाल्या, "काहून वो बाई, हे घर व्हय का भट्टी?"

त्याच एप्रिलात माझी सून बाळंतीण होती. बारा दिवसांचं लेकरू. दुपारी ते रडून रडून लाल व्हायचं, अंगभर घामोळ्या. आम्ही पंखा लावला की जास्त रडायचं. मला वाटलं पोट दुखतं, दृष्ट लागली. सगळं करून झालं. आमच्या आशाताई आल्या, त्यांनी टिनाकडे पाहिलं, लेकराला गुंडाळलेलं कापड सोडलं आणि म्हणाल्या, "याला काही झालं नाही, याला उकडते. दुपारचं दुसरीकडं न्या." शेजारी एका म्हातारीचं जुनं धाब्याचं घर अजून उभं होतं. लेकरू तिथं नेलं, जमिनीवर गोधडी टाकली. अर्ध्या तासात झोपलं. दोन तास हललं नाही. ना पंखा, ना कुलर.

मी त्या अंधाऱ्या खोलीत बसून भिंतीकडं पाहत राहिले. ज्या घराला मी वीस वर्षं नावं ठेवली, तसल्याच घरात माझा नातू झोपला होता. तेव्हापासून मी या गोष्टीच्या मागं लागले. इंजिनिअरला विचारलं, मिस्त्रीला विचारलं, म्हाताऱ्या बायांना विचारलं. जे समजलं ते सांगते.

उकडणं म्हणजे काय

आपल्याला वाटतं, उन्हाळा म्हणजे पारा. पारा ४४ गेला, ४५ गेला. पण अंगाला कळणाऱ्या गोष्टी चार आहेत. एक, हवा किती तापली. दोन, आजूबाजूच्या वस्तू किती तापल्या आणि त्यांची झळ किती. तीन, वारा आहे का. चार, हवेत ओल किती.

झळ म्हणजे काय हे आपल्याइतकं कोणाला कळणार? तव्याला हात लावत नाही, तरी वीतभरावरून हात भाजतो. टिन म्हणजे डोक्यावर पालथा घातलेला तवाच. खालची हवा एक वेळ सोसवेल, पण वरून झळ चालूच राहते. म्हणून टिनाखाली पंखा लावला तरी बरं वाटत नाही. पंखा टिनाजवळची तापलेली हवाच खाली लोटतो. लेकरू पंख्यानं जास्त रडत होतं ते त्यामुळं.

आता ओल. घाम येतो तो अंग गार करायला येतो. घाम सुकला की गारवा लागतो. माठातलं पाणी गार होतं तेही असंच, पाणी झिरपतं आणि सुकतं. एप्रिल-मे मध्ये आपली हवा कोरडी असते, घाम लगेच सुकतो, माठ गार राहतो, कुलर काम करतो. पण जून लागला, पहिला पाऊस पडला, की तोच माठ गार होत नाही आणि कुलरसमोर बसलं तरी अंग चिकट. हवेतच ओल भरलेली, घाम सुकणार कुठं? तेव्हा एकच गोष्ट कामी येते, ती म्हणजे वारा.

म्हणजे आपल्याकडं गरमी दोन प्रकारची आहे. उन्हाळ्याची कोरडी आणि पावसाळ्याची, पितृपक्षाच्या दिवसांतली ओली. दोन्हीचे उपाय वेगळे आहेत. आपण घोळ इथंच करतो.

जुन्या लोकांनी काय केलं होतं

धाब्याची भिंत जाड का? मातीतून उष्णता फार हळू चालते. सकाळचं ऊन बाहेरून भिंतीला लागलं की ते आतल्या बाजूला पोचायला आठ-दहा तास, जास्त जाड असेल तर त्याहून जास्त लागतात. तोवर रात्र झालेली असते, दारं उघडी असतात. आपल्याकडं उन्हाळ्यात दिवसा आणि पहाटेत मोठा फरक असतो. दुपारी जीव जातो, पण पहाटे चादर ओढावी लागते. जाड भिंत रात्रीचा गारवा धरून ठेवते आणि दुपारी देते. सिंदखेडराजाला लखुजी जाधवांच्या वाड्यात आपण जातो, दर्शन घेतो, फोटो काढतो. पुढच्या वेळी मे महिन्यात जा, तिथल्या जाड दगडी भिंतीला आतून हात लावून पाहा. मी काय म्हणते ते कळेल.

धाब्याला साणं असायचं. वर ठेवलेलं भोक, पावसात त्यावर झाकण. आपण म्हणतो ते धुरासाठी आणि उजेडासाठी. पण तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, ती तिथूनच निघून जायची आणि खालून दारातून गार हवा आत यायची. समोर सपरी, म्हणजे ऊन भिंतीवर थेट पडत नाही. अंगणात कडुनिंब. शेणानं सारवलेली जमीन, त्यावर पाण्याचा शिडकावा. यातली एक गोष्टही वीज मागत नाही.

कोकणातलं घर बघा, ते आपल्यासारखं नाही. माझी एक नातेवाईक रत्नागिरीकडं दिली आहे, तिच्याकडं मी गेले होते. तिकडं बारा महिने ओली गरमी. दिवस आणि रात्र यात आपल्यासारखा फरक पडत नाही, मग नुसती भिंत जाड करून तेवढा उपयोग नाही. म्हणून तिकडं उंच उतरतं कौलारू छप्पर, कौलांच्या फटीतून हवा खेळते, माजघरावर माळा असतो म्हणून छपराची झळ खाली येत नाही, पुढं-मागं पडवी, आणि लाकडी गजांच्या खिडक्या समोरासमोर. त्यांनी वाऱ्याचं घर बांधलं, आपण भिंतीचं बांधलं. दोघांनी आपापली हवा ओळखून बांधलं. आणि आज? रत्नागिरी असो की नांदुरा, सगळीकडं एकच डबा. चार पातळ भिंती, वर टिन नाही तर स्लॅब.

मी असं म्हणत नाही की सगळ्यांनी परत धाब्यात राहायला जा. धाबं पावसात बसतं, विंचू-काटा निघतो, दरवर्षी राबणूक लागते, आणि ती राबणूक बाईच करते. पक्कं घर आपला हक्क आहे. पण पक्कं घर म्हणजे गरम घर, असं कुठं लिहिलं आहे?

बाहेर कोण झोपतं, आत कोण झोपतं

हे सांगायचं की नाही, मी दोन दिवस विचार केला. पण ही सभा आपल्याच बायांची आहे.

उन्हाळ्यात घर तापलं की माणसं काय करतात? खाट काढतात, अंगणात टाकतात. पारावर बसतात, मंदिरात दुपार काढतात. आणि बाई? बाई दुपारी टिनाखाली चुलीसमोर. रात्री म्हाताऱ्या बाया अंगणात झोपतात, पण तरण्या सुना, वयात आलेल्या पोरी, बाळंतीण आत. का, तर लोक काय म्हणतील. दाराला कडी, खिडकी बंद, कारण खिडकी रस्त्यावर. स्लॅबचं घर तर आणखी वाईट. दिवसभर पिलेलं ऊन ते मध्यरात्रीपर्यंत आत सोडत राहतं. बाहेर गारवा सुटलेला असतो आणि आत आपली पोरगी घामानं भिजून पहाटे कशीबशी डोळा लावते. सकाळी चारला उठून पाणी भरायचं असतं तिलाच.

म्हणून घराची उष्णता हा बाईचा प्रश्न आहे. घर बांधताना खिडकी कुठं ठेवायची हे मिस्त्री आणि घरधनी ठरवतात, आणि त्या घरात दिवसाचे वीस तास काढते ती बाई. घरकुल आपल्या नावावर येतं. नावावर आलेल्या घराची खिडकी तरी आपण ठरवायची की नाही?

ज्यांचं टिन आहे त्यांच्यासाठी

पहिलं, टिनाच्या खाली दुसरा पडदा करा. मी बांबूचे तट्टे आणले, टिनापासून हातभर खाली बांधले. मधल्या मोकळ्या जागेच्या दोन्ही टोकांना फट ठेवली, म्हणजे तापलेली हवा निघून जाते. टिनाची झळ तट्ट्यावर अडते, आपल्या डोक्यावर येत नाही. पण ताईंनो, चुलीच्या वर तट्टा, गोणपाट, तुराट्या काही लावायचं नाही. एक ठिणगी पुरते. टिनावर कडबा-पऱ्हाट्या टाकतात, त्यालाही आगीची आणि सापाची भीती आहे. चूल बाहेरच्या बाजूला, वेगळ्या छपरीत काढता आली तर सगळ्यात चांगलं.

दुसरं, टिनाला वरून पांढरा रंग. पांढरं ऊन परत फेकतं. टिनाला चुना लावू नका, तो नीट धरत नाही आणि टिनाचा जस्ताचा थर खराब करतो. टिनाचा पांढरा रंगच घ्या.

तिसरं, वेल. फेब्रुवारीतच दोडकं, भोपळा लावा, मोरीचं पाणी त्याला वळवा, मांडव पश्चिमेच्या भिंतीवर चढवा. दुपारनंतरचं तिरपं ऊन पश्चिमेच्या भिंतीवरच सगळ्यात जास्त मारतं. भाजीही होते.

आणि टिनावर गोटे ठेवू नका. वावधान आलं की टिन उडतं आणि गोटा खाली येतो. हुकानं कसून घ्या.

ज्यांचा स्लॅब आहे त्यांच्यासाठी

स्लॅबला चुना लावा. मार्च लागला की लावा, पावसात तो धुऊन जातो, पुढच्या वर्षी परत. कळीचा चुना रात्री भिजवा. चुना पाण्यात टाकायचा, पाणी चुन्यावर ओतायचं नाही, तो उसळतो. लेकरं लांब ठेवा, डोळ्याला चष्मा लावा. सकाळी गाळून घ्या, थोडा डिंक किंवा फेव्हिकॉल मिसळा आणि स्लॅब झाडून-धुऊन दोन हात मारा. लावल्यावर एक दिवस दुपारी पांढऱ्या भागाला आणि शेजारच्या उघड्या स्लॅबला हात लावून बघा. दुसरा पुरावा लागणार नाही.

ही काही माझ्या डोक्यातली गोष्ट नाही. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात पारा ४६.८ वर गेला होता, पुष्कळ माणसं गेली. २०१३ साली त्या शहरानं उष्णतेशी लढायचा आराखडा केला. तिथं महिला हाउसिंग सेवा ट्रस्ट ही संस्था १९९४ पासून गरीब वस्तीतल्या बायांसोबत घरांचं काम करते. त्या बायांनी वस्तीतली छपरं पांढरी केली. आपल्यासारख्याच बाया, आपल्यासारखीच टिनं.

ज्यांचं घरकुल व्हायचं आहे त्यांच्यासाठी

तुम्ही नशीबवान आहात, तुमची भिंत अजून कागदावर आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत २०१६ पासून आपल्यासारख्या सपाट भागासाठी १ लाख २० हजार रुपये धरले आहेत आणि घर स्वयंपाकाच्या जागेसह कमीत कमी २५ चौरस मीटरचं हवं. हे घर ठेकेदारानं नाही, लाभार्थ्यानं स्वतः बांधायचं असतं. म्हणजे ठरवायचा अधिकार तुमचा.

मिस्त्रीला पाच गोष्टी सांगा. समोरासमोर दोन उघडी ठेवा, एका भिंतीत खिडकी तर दुसऱ्या भिंतीत निदान झरोका. एकाच खिडकीतून वारा आत येत नाही, त्याला बाहेर जायची वाट लागते. दोन, छपराच्या लगत उंचावर झरोके ठेवा, जाळी लावून. तिथून बाहेरच्याला आतलं काही दिसत नाही, चोराची भीती नाही, आणि रात्री दार बंद असलं तरी गरम हवा निघते. ज्या घरात पोरीसुना आत झोपतात, तिथं हा झरोका म्हणजे साण्याची धाकटी बहीण समजा. तीन, छत दहा फुटांच्या खाली नको. चार, पश्चिमेला मोठी खिडकी नको, तिकडं मोरी, सपरी किंवा झाड. पाच, खिडकीवर छज्जा.

केरळात लॉरी बेकर नावाचे एक मोठे वास्तुकार होऊन गेले, स्वस्त घरं बांधायचे. ते विटा आडव्या न ठेवता उभ्या रचायचे, मधे पोकळी ठेवून. भिंत तेवढीच जाड, विटा साधारण पाव हिश्श्यानं कमी आणि मधल्या हवेमुळं घर कमी तापतं. पण ही रचना येणारा मिस्त्री हवा. आपल्या गटातल्या घरच्या मिस्त्र्यांना हे शिकायला मिळावं, असा ठराव आपण देऊ शकतो.

दार-खिडकीचं वेळापत्रक

यात एक रुपया लागत नाही. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत उन्हाकडच्या खिडक्या बंद, ओलं गोणपाट किंवा वाळ्याचा पडदा. सूर्य गेला की सगळं उघडं, रात्रभर. पावसाळ्यात आणि ऑक्टोबरात उलटं, दिवसाही समोरासमोर उघडं ठेवा, वारा खेळू द्या.

कुलर असेल तर तो खिडकीत, बाहेरची कोरडी हवा ओढेल असा लावा आणि समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा. बंद खोलीत कुलर लावला की ओल साठते आणि मे मध्येच जुलै होतो. पाणी भरण्याआधी बटन बंद करून पिन काढा. लोखंडी कुलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात माणसं जातात, आणि पाणी भरणारी बहुतेक घरात बाईच असते. आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करा, नाही तर डासांची पैदास.

कोणाला मळमळ, चक्कर, डोकं दुखत असेल तर सावलीत घ्या, अंग ओलं करा, वारा घाला. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ टाकून घोट घोट द्या. बडबड करायला लागली, शुद्ध हरपली, अंग तव्यासारखं तापलं, तर तोंडात काही ओतू नका. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी टाकत राहा.

शेवटचं

मी तट्ट्यासाठी आणि मागच्या भिंतीत झरोका फोडण्यासाठी गटातून कर्ज मागितलं तेव्हा एक ताई म्हणाली, "बाई, कर्ज शेळीले घेतात, शिलाई मशीनले घेतात. भोकाले कोण घेते?" सगळ्या हसल्या, मी पण हसले. मग मी म्हटलं, "शेळीले उकडलं तं आपण तिले झाडाखाली बांधतो. सुनेले कुठं बांधू?" त्यानंतर कोणी हसलं नाही. कर्ज मंजूर झालं. मी ते सहा हप्त्यांत फेडलं. त्या वर्षी आमच्या गटात अजून दोघींनी झरोके फोडले. भिंत फोडताना मिस्त्रीला विचारून फोडा, तुळईखाली, कोपऱ्यात फोडू नका, एवढंच.

आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहे, शासकीय योजना आहेत, पंचायतीत सहभाग आहे. मग माझं मागणं असं, की प्रत्येक गटानं पुढच्या आठवड्याच्या बैठकीत एक विषय घ्यावा : आपल्या गटात टिनाखाली किती जणी, त्यांच्यात बाळंतीण, म्हातारी, आजारी कोण. त्यांच्यासाठी गावात दुपारची एक गार जागा ठरवा. जुनं धाब्याचं घर असेल, समाजमंदिर असेल, निंबाची सावली असेल. आणि ज्यांचं घरकुल यंदा आहे, त्यांच्या पायाच्या आखणीच्या दिवशी गटातल्या दोघी जणी तिथं उभ्या राहा. मिस्त्रीला विचारा, वारा कुठून येणार आणि कुठून जाणार?

त्या शेजारच्या म्हातारीचं घर मागच्या पावसात पडलं. ती आता मुलाच्या टिनाखाली राहते. दुपारी ती आमच्याकडं येते, तट्ट्याखाली गोधडी टाकून झोपते. माझा नातू आता चार वर्षांचा आहे, तिच्याशेजारीच झोपतो. त्याला आठवत नाही, पण मला आठवतं की त्याची पहिली शांत झोप त्या बाईच्या भिंतीनं दिली.

एवढं बोलून थांबते. दहा मिनिटांपेक्षा जास्त घेतली, माफ करा.